उशाशी बारचं मशीन

आमच्या बारमधलं गाण्याचं मशीन माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथं उभं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. लोखंडी कपाटाएवढं काळं धूड, कडेनं निळे-तांबडे दिवे आणि मधोमध बोटानं दाबायचा पडदा. नवऱ्यानं ते पुण्यातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून उचलून आणलेलं. नाणं टाकायचं, पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवायचं, की गाणं सुरू. नगर-दौंड रस्त्याला असली वस्तू कुणी बघितली नव्हती. सुरुवातीला लोक प्यायला कमी आणि बोट लावायला जास्त यायचे. मग रस्ता मोठा झाला, दारासमोरून दुभाजक गेला, पलीकडची गिऱ्हाइकं पलीकडंच राहिली, आणि एक दिवस नवऱ्यानं शटर ओढलं ते ओढलंच. तो दुधाचा टेम्पो चालवायला लागला. मशीन कोपऱ्यात धूळ खात राहिलं.

बारच्या मागं आमचं घर. सासूबाईंना मी आत्या म्हणते. बार चालू होता तेव्हा आत्यांनी त्याच्या दारातून कधी आत पाऊल टाकलं नाही. "तितं माझा पाय लागायचा न्हाई," असं एकदा म्हणाल्या आणि तो विषय संपला. लेकाला जेवायला हाक मारायची तरी मागच्या दारात उभं राहून तांब्यावर पळी वाजवायच्या. हे सगळं सांगायचं कारण असं, की शेवटी त्यांच्या नशिबी राहायला आला तो बारच.

मागल्या उन्हाळ्यात त्यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं पार गेलं. घरातला संडास अंगणाच्या पलीकडं, तोही उकिडवं बसायचा. बारमध्ये मात्र गिऱ्हाइकांसाठी कमोड बसवलेला. डॉक्टर म्हणाले, कमोडशिवाय जमायचं नाही. झालं, खाट बारमध्ये आली. बाटल्यांच्या जाहिराती होत्या त्या भिंतीला मी चादर लावली, वर देवाचं कॅलेंडर अडकवलं, टेबलं एकावर एक रचून कडेला सारली. आत्यांनी डोळे मिटून घेतले, ते संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत. मला वाटलं झोपल्या. मग दिसलं, मिटल्या डोळ्यांतनं पाणी येत होतं.

तेव्हा मी नागापूरला एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कंपनीत होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून लागलेली नोकरी, लग्नानंतरही टिकवलेली. कंपनीची बस आमच्या दारात थांबायची. आणि डबा आत्या करायच्या. "नवऱ्याचा बार, बायकूची कंपनी, आन् घर काय माझ्या एकलीचं हाय का?" हे तोंडानं रोज चालू, आणि हातानं भाकरी थापणंही रोज चालू. टोमणा खाल्ल्याशिवाय मला डबा मिळाला नाही, पण डब्याशिवायही त्यांनी मला कधी जाऊ दिलं नाही. झटका आल्यावर मी रजा घेतली. रजेला रजा जोडत गेले.

आता अडचण काय होती ते नीट सांगते. आत्यांना एकच आवाज उरला होता, "ऊं". पाणी पाहिजे तरी ऊं, कूस बदलायची तरी ऊं, पंखा लागतोय तरी ऊं. त्यातला कुठला ऊं कशाचा, हे फक्त मला कळायचं. सारखं जवळ राहून कळायला लागलं, त्यात माझी काही हुशारी नव्हती. पोटचा लेक नुसता "काय पायजे आई, काय पायजे" करत घामाघूम व्हायचा आणि मग मलाच हाक मारायचा. नणंद राहायला आली ती रडून परत गेली. शेजारच्या वस्तीवरच्या मावशी दिवसभर बसायला तयार होत्या. चांगली बाई, हाताला स्वच्छ. पण म्हणाल्या, "ताई, मला त्यांचं बोलणंच उमगत न्हाई. येळंला काय झालं तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू?" काय चुकलं होतं त्यांचं?

म्हणजे मी आत्यांची जीभ होऊन बसले होते, आणि जीभ तोंड सोडून कुठं जाणार? बाजाराला गेले तरी जीव खाटेपाशी. माहेरी कर्जतला भावाकडं साखरपुडा होता, जेवणावरनं उठून परत आले. शटर खाली, वर पत्रा तापलेला, बाहेरनं उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातायत, आणि आत आम्ही दोघी एकमेकींकडं बघत. कधी कधी मला असं व्हायचं, की आता उठावं, शटर वर करावं आणि चपलासुद्धा न घालता चालायला लागावं. कुठं जायचं तेही ठरलेलं नसायचं.

दसऱ्याच्या आधी कंपनीतून सुपरवायझरचा फोन आला. "मॅडम, दिवाळीनंतर नवीन लाइन चालू होतीय. येणार असाल तर जागा ठेवतो. नसेल जमत तर तसं सांगा, माझ्यावर वरून दबाव हाय." मी म्हटलं, येते. कशी येणार ते काही माहीत नव्हतं. फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. समोर आत्या खाटेवर, त्यांच्यामागं कोपऱ्यात ते मशीन. बोटानं दाबायचं मशीन. आत्यांचा डावा हात चांगला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याचं मागचं झाकण काढलं. आतनं झुरळं निघाली, बडीशेपेचे दाणे निघाले, एक वाकलेला काटाचमचा निघाला. बाकी आत वेगळं काही नव्हतं, आपला साधा जुना कॉम्प्युटर. लोकांना वाटतं केवढं मोठं यंत्र. वरचा डामडौल काढला की कुणाच्याही टेबलाखाली असतो तोच डबा. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर फुगून बसले होते, ते बदलले. मदरबोर्डचा सेल संपलेला, तो टाकला. पडदा काळाच राहिला, कारण त्यातल्या मागच्या ट्यूबा गेल्या होत्या. तिथं एलईडीची पट्टी कापून चिकटवली. हार्ड डिस्क नुसती कडकड करायची. ती फेकली, तिच्याबरोबर नवऱ्याची सगळी गाणीही गेली. पण त्या डिस्कनं मरायच्या आधी एकदा मशीन चालू केलं बरं का. पडदा उजळला आणि आधी नाणं टाका म्हणाला. आत्या तहानेनं ऊं ऊं करतायत आणि हे शहाणं नाणं मागतंय. मी म्हटलं, थांब तुझ्या.

नवी डिस्क घातली, फुकट मिळतं ते सॉफ्टवेअर टाकलं, आणि पडद्यावर मोठाली चित्रं मांडली. तांब्या, कप, पंखा, खिडकी, कूस बदलण्याचं, संडासचं. कपाळाला हात लावलेली बाई म्हणजे दुखतंय. हिरवा चौकोन हो, लाल चौकोन नको. चित्रावर बोट ठेवलं की ते चित्र बोलणार. पडदा पेटीतून सोडवून अँगलच्या स्टँडवर खाटेच्या उशाशी बसवला, पेटी आणि तिचे ते राक्षसी स्पीकर कोपऱ्यातच राहिले. आवाज कमी-जास्त करायचं बटण तेवढं तुटलेलं होतं. आवाज पूर्ण तरी यायचा नाहीतर अजिबात नाही. मी तसंच ठेवलं, गोठ्यात असले तरी मला ऐकू आलं पाहिजे म्हणून.

आवाज कुणाचा द्यायचा? आधी नवऱ्याला उभा केला. तो म्हणाला "एक पानीऽऽ", इतक्या वर्षांची सवय, ऑर्डर सोडल्यासारखं. हसून हसून माझ्या पोटात दुखलं. मग मीच मोबाईल घेऊन बारच्या फॅमिली रूममध्ये पडदा ओढून बसले. पहिल्यांदा "मला पाणी हवे आहे" असं बोलले, तर नवरा बाहेरनं म्हणतो, "आई कदी आशी बोलली हाय का? टीव्हीवरची बाई वाटतीया." म्हणून मग घरातलंच बोलले. पानी द्या. च्या करा. खिडकी लावा. दुखतंय. शेवटचं एक बटण बोलावण्याचं होतं, घंटीचं चित्र. नुसती घंटी नको वाटली, घंटीकडं माणूस दुर्लक्ष करतं. "या ना कुनीतरी" असं म्हणायचं ठरवलं. एकदा बोलले, खोटं वाटलं. पुन्हा बोलले, पुन्हा खोटं. बाहेरनं डंपर जाऊन रेकॉर्डिंगची वाट लागायची, परत पहिल्यापासून. उकडत होतं, पाठ ओली झालेली, मागं दूध उतू चाललं असणार. शेवटी वैतागून "या ना कुनीतरी" म्हटलं आणि ते खरं आलं. इतकं खरं, की ऐकताना मलाच गलबलून आलं. मी स्वतःसाठीच बोलले होते ना ते.

मशीन तयार झालं. आत्यांनी त्याला बोट लावलं नाही.

मला वाटलं, डाव्या हाताचं असेल. जन्मभर डाव्या हातानं कुणाला काही दिलं नाही, घेतलं नाही. मी वाढताना चुकून डावा हात पुढं केला तर ताट सरकवायच्या. मी समजावलं, हे वाढणं नव्हे, हे नुसतं बोट लावणं आहे. तरी नाही. मग मला वाटलं, बारचं मशीन म्हणून. दारुड्यांनी बोटं लावलेला पडदा, त्याला ह्या कशा शिवतील? त्यावर तोड काढली. खंडेनवमीला नवरा टेम्पोची पूजा करत होता, तेव्हा मी मशीनही पुसलं, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, पडद्याला झेंडूची माळ घातली. आत्या बघत होत्या. माळ काढली आणि त्यांचं बोट धरून मी तांब्यावर टेकवलं.

मशीन गप्प. शेजारच्या कपावर टेकवलं, तरी गप्प. खालची आख्खी ओळ मेली होती.

डोकं फिरलं माझं. कालपर्यंत चालत होतं! सगळ्या वायरी तपासल्या, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, आणि मग टॉर्च मारून बघितलं तर काय. ह्या पडद्याच्या चौकटीत डोळ्याला न दिसणारा उजेड आडवाउभा सोडलेला असतो. बोट मध्ये आलं की तो अडतो, त्यावरनं मशीनला कळतं बोट कुठं आहे. मी भक्तिभावानं लावलेलं कुंकू गळून चौकटीच्या दोन्ही बाजूंना खालच्या कोपऱ्यांत साचलं होतं. उजेडाची वाटच बंद. डिप्लोमा केलेल्या बाईनं स्वतःच्या हातानं मशीनच्या डोळ्यांत कुंकू घातलं. कंपनीत सांगितलं असतं तर वर्षभर चहाला विषय झाला असता. कापूस आणि स्पिरिट घेऊन एकेक कण काढला. ओळ जिवंत झाली.

आणि त्या दिवशी आत्यांनी पहिल्यांदा आपणहून बोट उचललं. कपावर ठेवलं. "च्या करा," माझाच आवाज बारभर घुमला. मी धावत जाऊन चहा केला. पहिला घोट तोंडाला लावला तर त्यांनी मान फिरवली, ऊं केलं. तो ऊं संडासचा होता, हे मला कळलं. चित्र चुकलं, म्हटलं चुकू दे.

पण मग चुकतच गेलं. तहान लागली की पंखा दाबायच्या. पाठ अवघडली की खिडकी. मावशींना मी सकाळ-दुपार शिकायला बोलवत होते. त्या मशीन म्हणेल तसं इमानदारीत करायच्या आणि दर वेळी उलटंच व्हायचं. पंख्यासाठी उठायच्या आणि इकडं आत्या पाण्यासाठी कासावीस. मावशी घाबरून माझ्याकडं बघायच्या, मी ऊं ऐकून तांब्या पुढं करायची. मी आपली मशीनच्या मागं. बोटाची जागा चुकतेय म्हणून पडद्याच्या कोपऱ्यांना बोट लावून लावून जुळवणी केली. पदराचं टोक मध्ये येतंय म्हणून पदर पिनेनं खांद्याला टाचला, आत्यांनी अशी नजर टाकली की पूर्वीचे टोमणे परवडले. पश्चिमेचं ऊन पडद्यावर येतं म्हणून पुठ्ठ्याची झापड केली. चित्रं मोठी केली. काही म्हणता काही उपयोग नाही. घंटीला तर त्यांनी कधी हातच लावला नाही. गरज पडली तरी कुणाला बोलवायचं नाही, हा स्वभावच.

"आईचं डोकंच गेलंय गं," नवरा एके दुपारी म्हणाला. "कशाला मरमर करतीयास?"

त्याला काय जातंय म्हणायला? तो टेम्पोवर बसून श्रीगोंद्यापर्यंत वारा खात जाणार. डोकं गेलं असेल तर मी इथंच राहणार, आज, उद्या, पुढची सगळी वर्षं, ह्या शटरच्या आत. मला आत्यांची दया यायला पाहिजे होती. मला राग येत होता, आणि रागाच्या खाली नुसती भीती होती. मी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले.

दिवाळी तोंडावर आली. चकलीच्या भाजणीचं धान्य धुऊन मी गच्चीवर पसरत होते. टेम्पो गॅरेजला होता म्हणून नवरा माझी स्कूटी घेऊन गेलेला. खाटेवरून खिडकीतून स्कूटीची जागा दिसते. आत्यांना वाटलं असणार, मी बाजाराला गेले.

मावशी विरजण मागायला आल्या. मागच्या दारातनं मला हाका मारल्या. माझे दोन्ही हात ओल्या डाळीत, मनात म्हटलं उतरते सावकाश, विरजण कुठं पळून चाललंय. तेवढ्यात खालून माझाच आवाज आला.

"पानी द्या."

मावशी पाणी पाजत असाव्यात. जरा वेळ गेला. ऊन उतरून खाटेवर यायची ती वेळ.

"खिडकी लावा."

खिडकी लागल्याचा आवाज आला. "आता बरं वाटतंय का?" मावशींनी विचारलं.

"हो."

"सूनबाई कुठं गेली?" ह्यावर मशीन गप्प. मग म्हणालं, "च्या करा." मावशी हसल्या, म्हणाल्या, "माझ्या हातचा पिता व्हय? थांबा, टाकते." कपबशी वाजली. मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा मावशींचा आवाज, "आजून देऊ का?" आणि माझा आवाज, "नको."

एकही चित्र चुकलं नव्हतं. मी गच्चीवर डाळीत हात खुपसून बसले होते. खाली माझ्या आवाजात निवांत गप्पा चालल्या होत्या, माझ्याशिवाय.

मावशी गेल्यावर मी खाली उतरले. हात न पुसता जाऊन खाटेसमोर उभी राहिले. आत्यांनी मला बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरनं मला कळलं, की त्यांनाही कळलंय.

"आत्या, तुमाला समदं येतंय."

त्या पडद्याकडं बघत राहिल्या.

"मंग माझ्यापुढं येड्यावानी का करताय? मी कामाला जाऊ नये म्हनून?"

वाटलं, मान फिरवतील. नाही फिरवली. डावं बोट उचललं, हिरव्या चौकोनावर ठेवलं.

"हो," मी म्हणाले. म्हणजे मशीन म्हणालं.

मग माझा तोल गेला. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मी तुमची कोण, मोलकरीण का? तुमी खाटेला खिळलात, मला का खिळवताय? तुमीच डबा भरून मला गाडीत बसवत होता ना, मग आता काय झालं? मी बोलत होते आणि त्या ऐकत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना बोलले आणि त्यांना उलटून बोलता येत नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा मी थांबले.

त्यांचं बोट पडद्यावर फिरलं. कपाळाला हात लावलेल्या बाईवर थांबलं.

"दुखतंय."

"कुठं दुखतंय?" मी विचारलं. पाठीला हात लावला. लाल चौकोन, "नको." पाय दाबायला घेतला. "नको." डोकं चेपू का? "नको." पुन्हा त्या बाईवर बोट. "दुखतंय." कुठं दुखतंय, ते सांगायचं बटण मी केलंच नव्हतं. पाणी, चहा, पंखा, संडास. माणसाला एवढंच लागतं असं धरून मी मशीन बनवलं होतं. मी खाटेच्या कडेला बसले आणि त्यांच्या डाव्या हातावर हात ठेवला. तो त्यांनी काढून घेतला नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो खूश झाला, आईचं डोकं शाबूत आहे म्हणून. मग म्हणाला, "आईला येवढं वाटतंय तर ऱ्हा की मग यंदाच्या साली."

"आन् पुढच्या साली?"

"तुझं तू बघ बाई," म्हणाला, आणि टेम्पो धुवायला गेला.

मी माझं मी बघितलं. सुपरवायझरला फोन करून येते म्हणून सांगितलं. मावशींना सगळं समजावलं, आता चित्र बोलेल ते खरं माना. आत्यांना मी स्वतः सांगितलं, समोर बसून, डोळ्यांत बघून. भाऊबीज झाली की जाणार. त्यांनी लाल चौकोनाकडं बोट नेलं आणि न टेकवता परत घेतलं. मला वाटलं, मान्य झालं. माणसाला जे वाटून घ्यायचं असतं ते वाटतं.

कामावर जायच्या दिवशी पहाटे उठून डबा मी माझा मीच भरला. भाकरी करपली. खाटेवरनं आत्यांना चुलीपाशी जायला येत नव्हतं, पण वास त्यांच्यापर्यंत गेला असणार. मी साडी बदलून दिली, वेणी घातली, पदर पिनेनं टाचला. मावशी वेळेवर आल्या. हवा यावी म्हणून शटर अर्धं वर केलं. "जाते आत्या," म्हटलं. त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग छताकडं. कुठलंच बटण दाबलं नाही. मी वाकून बाहेर पडले.

रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिले. खूप दिवसांनी अंगावर कंपनीचा शर्ट होता, जरा घट्ट झालेला. लांबून बस दिसली. आणि मागनं, अर्ध्या उघड्या शटरच्या खालून, बारच्या त्या राक्षसी स्पीकरांतून आवाज आला.

"या ना कुनीतरी."

पहिल्यांदाच दाबली होती त्यांनी घंटी. इतके दिवस एकदाही नाही, आणि आता. मावशी त्यांच्या शेजारी बसलेल्या होत्या, पाण्याचा तांब्या भरलेला होता, खिडकी उघडी होती. आतनं मावशी म्हणत होत्या, "आवो मी हाय की हितं, काय पायजे?"

"या ना कुनीतरी."

मला ठाऊक होतं ते वाक्य कसं निघालं होतं. फॅमिली रूमचा पडदा, ओली पाठ, उतू चाललेलं दूध. मी आतनं बाहेरच्यांना हाक मारली होती, कुणीतरी या आणि मला सोडवा म्हणून. आता मी बाहेर होते. बस थांबली, दार उघडलं.

"या ना कुनीतरी. या ना कुनीतरी."

मी पायरी चढले. ड्रायव्हर जुनाच होता, मला ओळखून हसला. मग खिडकीतून बाहेर डोकावून बारकडं बघायला लागला.

"ताई, कोन बोलवतंय वो आतनं? थांबू का?"

"मीच हाय ती," मी म्हणाले. "चला तुमी."